डिचोली ते बोहेमिया: दोन जावांची वही

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. मीटर ३८,४१२

गाडी सुरू होत नाही, तरी पूजा केली. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर गंधाचं बोट, चाकाखाली लिंबू. १९६९ ची मैसूरची जावा २५० मोटरसायकल. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, खाणीच्या वर्कशॉपमधली माझी इलेक्ट्रिशियनची नोकरी गेली आणि रोज सकाळी जायला कुठे उरलंच नाही. त्या वर्षापासून गाडीही शेडमध्ये बसून आहे.

भावजी पेडण्याहून त्यांच्या १९७१ च्या जावावर आले. त्यांची गाडी म्हणजे आरसा. टाकीत तोंड बघून भांग पाडावा. चहा घेता घेता त्यांनी विषय काढला. पुढच्या ऑगस्टात चेक देशात जावा मालकांच्या क्लबचा मेळावा आहे, आपण दोघांनी जायचं, गाड्या घेऊन. ताई आतून म्हणाली, "आधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊन या दोघे, वाटेत न थांबता. मग बघू."

जावा हे नाव आम्हा दोघांनाही लहानपणी बेटाचं वाटायचं. खरं म्हणजे प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेकने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडली. तिकडे उच्चार 'यावा'. आपल्याकडे त्या मैसूरला बनू लागल्या, १९७३ पासून येझदी या नावाने, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला.

वही आजपासून सुरू. खर्च शेवटच्या पानापासून उलटा लिहिणार. ती पानं घरातल्या कोणी उघडू नयेत.

२७ ऑक्टोबर

रस्त्याचं भांडण. भावजींना थेट रस्त्याने जायचंय. मी नकाशा पसरला. अटारीपलीकडे आपल्या नंबरची खासगी गाडी जात नाही. तिबेटमधून चीनला जायचं तर परवान्यांचा गठ्ठा, तिथलं तात्पुरतं लायसन्स, शिवाय देश ओलांडेपर्यंत सोबत गाइड, आणि त्याचे पैसे दिवसावर. शेवटी माझं म्हणणं मान्य झालं: न्हावा-शेवाहून गाड्या बोटीने हॅम्बुर्गला, तिथून पुढे चाकांवर.

भावजी म्हणाले, "मग त्याला प्रवास कशाला म्हणतोस? पार्सल म्हण."

लागलं मला ते. म्हणून एक नियम केला: घरापासून बंदरापर्यंत ट्रक नाही. गाड्या चालवत न्यायच्या.

हॅम्बुर्गच का, याचंही कारण आहे. चेक देशाला समुद्र नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात ठरलं की हॅम्बुर्ग बंदरात त्यांना जागा भाड्याने द्यायची. १९२९ पासून ९९ वर्षं, म्हणजे २०२८ पर्यंत. ज्या वर्षी जावा जन्मली त्याच वर्षी त्या देशाला धक्का मिळाला. आणि हॅम्बुर्गला समुद्राकडे जाणारी एल्ब नदी तीच, जिला वर बोहेमियात लाबे म्हणतात. नदीच्या काठाकाठाने उलटं वर चढत गेलं की झालं. हे मी भावजींना ऐकवलं तेव्हा ते थोडे विरघळले. नदीच्या उगमाकडे जाणं म्हणजे तीर्थयात्रा, असं काहीतरी त्यांच्या शिक्षकी डोक्यात आलं असावं.

१७ नोव्हेंबर

इंजिन उतरवलं, फोडलं. आमच्या मेस्तने एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "पात्रांव, हें इंजिन न्हय, चूल."

उभी करण्याआधी गाडी मागे पांढरा धूर सोडायची, त्याचं कारण सापडलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) फिरतो त्या पेटीत येते, तिथे दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँककेस हवाबंदच हवी. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. डावीकडे क्लच, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. तो सील गेला की इंजिन तेच ऑइल पिऊन धूर सोडतं. उजवीकडे डायनमो, म्हणजे कोरडी हवा. तो सील गेला तर धूर दिसत नाही, पण मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. धूर सोडणारा सील बरा, निदान ओरडून सांगतो. माझे दोन्ही गेलेले होते.

कनेक्टिंग रॉडला खाली खेळ. सिलिंडरला ओरखडे. बोअर करावा लागणार. चेनकेसमध्ये उंदराचं घरटं, आत आमच्या सौ.च्या जुन्या साडीची चिंधी.

भावजींच्या इंजिनाला हात लावायचा नाही असं त्यांचं म्हणणं. "चालतंय ना?" त्यांनी सायलेन्सर तेवढे क्रोमला दिले.

२ डिसेंबर, कोल्हापूर

क्रँक पोत्यात गुंडाळून बसने नेला. कंडक्टरला वाटलं नारळ.

उद्यमनगरात एका कारागिराकडे अर्धा दिवस बसलो. जुना रॉड प्रेसवर काढला, नवा रॉड, पिन आणि बेअरिंग घातलं. मग क्रँक दोन टोकांवर फिरवत डायल गेजचा काटा बघायचा, तांब्याच्या हातोड्याने एक टोला, पुन्हा फिरवायचं, पुन्हा एक टोला. प्रत्येक टोल्याआधी तो क्षणभर थांबायचा, कॅरमवर क्वीन घेण्याआधी थांबतात तसा. काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत आला तेव्हा त्याने क्रँक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता पाडू नका म्हणजे झालं." येताना बसमध्ये तान्हं मूल घ्यावं तसा मांडीवर घेऊन आलो.

१६ डिसेंबर

कागद. इंजिन सोपं होतं.

प्रश्न पहिला: व्हिंटेज म्हणून नोंद करायची का? २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. भावजींचे डोळे चमकले, त्या प्लेटसाठी त्यांनी क्रोमचे स्क्रूसुद्धा मनात निवडले असतील. मी नियम पुढे वाचला. व्हिंटेज गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. म्हणजे गाडीचा सत्कार करायचा आणि तिला सोफ्यावर बसवून ठेवायची. आम्ही साधंच नूतनीकरण घेतलं, पाच वर्षांचं, १,००० रुपयांत.

प्रश्न दुसरा: माझ्या आरसी बुकात इंजिन नंबरातला ३ हा ८ झालाय. कधीतरी कुणीतरी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवताना. पन्नास वर्षांत कोणाचं काही अडलं नाही. पण परदेशी कस्टममध्ये असा ८ म्हणजे चोरीची गाडी. इंजिनावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला, अर्जाला जोडला. कार्यालयाच्या फेऱ्या: आजवर चार.

३ जानेवारी २०२५

फेऱ्या सात. ३ झाला.

१९ जानेवारी, रविवार. मीटर ३८,४१२

सुरू झाली. चौथ्या किकला. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्याने, आत दाबून मागे फिरवला की किक, सोडला की गिअर. शेजारच्या मुलाला वाटलं मोडली. तीच दांडी गिअर टाकताना क्लचही आपोआप उचलते. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत ही सोय होती हे आजच्या स्कूटरवाल्यांना सांगितलं तर हसतात.

नवीन बोअर, म्हणून सुरुवातीचे हजार किलोमीटर पेट्रोलमध्ये लिटरमागे ५० मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल. नंतर ४०. (हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होतं. एप्रिल बघा.)

८ फेब्रुवारी

कार्नेटचा अर्ज मुंबईला पाठवला. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट. देशात शिरताना एक तुकडा फाडतात, बाहेर पडताना दुसरा, शिक्के मारून मूळ पावती आपल्याकडे. मुदत एक वर्ष. गाडी तिकडे विकून आलात तर कर भरावा लागेल, त्यासाठी बँक हमी. बँकेतल्या पोरीने गाडीची किंमत विचारली. मी सांगितली. तिने पुन्हा विचारली. ऑनलाइन जुन्या गाडीचे भाव बघून तिला वाटलं मी लपवतोय, आणि मला वाटलं तिने माझा शेड बघितला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळालं, तेही वर्षाचंच.

२३ फेब्रुवारी

सहा व्होल्टचा दिवस.

जर्मनीत मोटरसायकलचा दिवा दिवसाही लागतो, चेक देशात तर सगळ्याच गाड्यांचा. जावाचा डायनमो ४५ वॅटचा. हेडलाइटचा बल्ब ३५. उरले १०, त्यात इग्निशन कॉइल, मागचा दिवा, कधीमधी हॉर्न. गाव ओलांडताना इंजिन हळू फिरतं तेव्हा डायनमो ४५ देतच नाही. म्हणजे दिवसभर दिवा लावून फिरलो तर संध्याकाळपर्यंत बॅटरी झोपणार.

सहाचे बारा व्होल्ट करणारं छोटं सर्किट बसवलं आणि पुढे ९ वॅटचा एलईडी. हेडलाइटच्या वाटीतच मावलं, बाहेरून काही दिसत नाही. खाणीत शॉव्हेल यंत्राच्या दिव्यांवर आयुष्य गेलं त्याचा उपयोग झाला. भावजी त्यांच्या गाडीत बसवू देईनात. "मैसूरच्या गाडीत चायनाचा डोळा? नको. ती जशी आली तशी राहू दे."

मी म्हटलं, मैसूरहून आली तेव्हा तिच्यापुढे चेक देशातलं ट्रॅफिक नव्हतं.

ओरिजिनल या शब्दावर माझा तसा रागच आहे. पन्नास वर्षांत जिच्यात काहीच बदललं नाही ती गाडी बहुतेक कुठे गेलेलीच नसते.

१५ मार्च

पेट्रोल कॉकचा कॉर्क फुगून दांडा फिरेना. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल. ते जुनं रबर आणि कॉर्क खातं, आणि हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या दमटपणात गाडी आठवडा उभी राहिली की टाकीत काय तयार होतं ते मी बाटलीत काढून ताईला दाखवलं. ती म्हणाली, "सोलकढी तळाला बसली की अशीच दिसते." नवीन सील बसवले, टाकी आतून कोटिंग केली. भावजींच्या टाकीलाही केली, हे मात्र त्यांनी गुपचूप करू दिलं, बाहेरून दिसत नाही म्हणून.

३० मार्च, पाडवा. मीटर ३९,१७०

मोठी चाचणी. साखळी, चोर्ला घाट, बेळगाव, खानापूर, लोंढा, अनमोड घाट, मोले, परत. घाटात दुसऱ्या गिअरवर सलग चढ, काही जाणवलं नाही. बेळगावात भावजींचा दिवा पिवळा पडला, लोंढ्याला विझला. अनमोड उतरताना ते माझ्या दिव्यामागे.

घरी गुढी उतरवेपर्यंत पोचलो. भावजींनी काही न बोलता दुसरं सर्किट मागितलं.

१२ एप्रिल

क्रेट. आमच्या सुताराने फणसाच्या फळ्यांचे दोन पेटारे केले, खिळा कुठे दिसणार नाही असे. फोटो मुंबईच्या एजंटला पाठवले. उत्तर: "शिक्का कुठे आहे?" परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश, किमान ३० मिनिटं तापवून शिक्का लागतो, नाहीतर लाकडातले किडे दुसऱ्या देशात जातात. सुतार म्हणाला, "शिक्को? कसलो शिक्को? म्हज्या लाकडांत किडो?" त्याचा अपमान झाला तो झालाच. प्लायवूडला हा नियम लागत नाही, म्हणून प्लायचे पेटारे पुन्हा करवले, सुट्या भिंतींचे, पुढे पाठवता येतील असे. फणसाच्या पेटाऱ्यांत आता सौ.चे तांदूळ.

२६ एप्रिल, शनिवार. मीटर ३९,४६०

पहाटे साडेचारला डिचोलीहून निघालो. बांद्याला गोव्याबाहेर, कुडाळला चहा, कणकवली, राजापूर. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. चार लेनचं काँक्रीट येतं, मनाला पंख फुटतात, आणि फलक येतो: वळण.

हातखंब्यानंतर असंच एक लांबलचक काँक्रीट. ऊन डोक्यावर. मी ७५ पर्यंत नेली. संगमेश्वरच्या अलीकडे गाडीला मागून कोणी शेपूट धरून ओढावं तसं झालं, मागचं चाक घासलं, मी क्लच दाबला. पिस्टन जाम.

फणसाच्या झाडाखाली गाडी लावली. भावजी पुढून वळून आले, हेल्मेट काढलं आणि फक्त म्हणाले, "अजून बोट लागायची आहे."

कारण मला लगेच कळलं, पण कबूल करायला दहा मिनिटं गेली. राजापूरला सहा लिटर पेट्रोल घातलं आणि ऑइल घातलं चार लिटरच्या हिशोबाने. पंपावरच्या माणसाशी गाडीच्या वर्षाबद्दल गप्पा मारत होतो. हजार किलोमीटर होऊन गेले होते तरी बोअर अजून घट्टच, त्यात उन्हाळा, त्यात वेग.

पाऊण तास गार होऊ दिली. प्लग काढून भोकातून चमचाभर टूटी सोडलं, तिसरा गिअर टाकून मागेपुढे ढकलली. सुटली. चाळीसच्या वेगाने चिपळूण. लॉजच्या मागच्या अंगणात, नळाशेजारी, रात्री नऊला हेड आणि सिलिंडर उतरवलं. चार नट, बाकी काही नाही. या गाडीचं खरं ओरिजिनल सौंदर्य हेच आहे. पिस्टनवर ॲल्युमिनियम पसरलेलं, पण रिंगा मोकळ्या. वॉटर पेपरने सिलिंडर हळूहळू साफ केला. लॉजवाल्याचा मुलगा मोबाइलचा उजेड धरून उभा होता, त्याने शेवटी विचारलं, "काका, सर्व्हिस सेंटरला का नाही नेत?"

भावजींच्या न उघडलेल्या इंजिनाने दिवसभर कुरकूर केली नाही. हेही नोंदवणं भाग आहे.

२७ एप्रिल. मीटर ३९,९९१

परशुराम घाट, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, वडखळ, पनवेल. आजपासून ऑइल मोजताना गप्पा बंद. एकूण ५३१ किलोमीटर.

२९ एप्रिल

टाकी रिकामी, बॅटरी सोडवली, गाड्या पट्ट्यांनी बांधल्या. पेट्रोलवर चालणारं वाहन म्हणजे जहाजाच्या भाषेत धोकादायक माल, क्रमांक ३१६६, त्याचा वेगळा फॉर्म. पेटाऱ्याची शेवटची भिंत लावताना भावजींनी आपल्या गाडीची टाकी रुमालाने पुसली. कार्नेटवर पहिला शिक्का.

२६ मे

पाऊस मे महिन्यातच आला. मिरग लागायच्या आधीच शेड गळतोय, पण आत गाडी नाही.

जहाज निघालंय. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे सुएझमधून न जाता आफ्रिकेला वळसा घालून जाणार, दहा-बारा दिवस जास्त. म्हणजे केप ऑफ गुड होप. ज्या वाटेने वास्को द गामा १४९८ मध्ये इकडे आला, त्याच वाटेने आमच्या दोन जावा उलट निघाल्यात. भावजींनी हे शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून करून सांगितलं.

२८ जुलै, हॅम्बुर्ग

श्रावण लागलाय. ताईने राखी आधीच बांधून पाठवलं, सोबत मेतकुटाचा डबा.

आम्ही वेळेत न आल्याने गोदामाचं भाडं वाढलं. मागच्या पानावर लिहिलंय. पेटारे धड. माझ्या हँडलवर मीठ जमून पांढरी बुरशी आल्यासारखं, भावजींच्या क्रोमवर एक टिपका नाही. त्यांनी निघताना सगळीकडे ग्रीस फासलं होतं, मी हसलो होतो.

३१ जुलै. मीटर ३९,९९२

विमा काढायला दोन दिवस. आपला देश युरोपच्या ग्रीन कार्ड पद्धतीत नाही, म्हणून सीमेवरचा खास विमा घ्यावा लागतो. मागे 'आयएनडी' लिहिलेला पांढरा लंबगोल चिकटवला. प्रथमोपचाराची पेटी, चेक देशात मोटरसायकलवरही ती लागते.

मोठे हायवे टाळले. आमच्या साठच्या वेगाला तिथे जागा नाही. लाउएनबुर्गपर्यंत नदीच्या कडेने, मग गावागावांतून. उजवीकडून चालवायची सवय पहिल्या वळणाला लागते आणि पेट्रोल भरून निघताना मोडते.

२ ऑगस्ट, टांगरम्युंडं

जुन्या पूर्व जर्मनीत शिरलो आणि लोकांचे चेहरे बदलले. हॅम्बुर्गकडे आमचा धूर बघून लोक काच वर करायचे. इथे खाली करतात. यांच्याकडे ट्राबांट मोटार टू-स्ट्रोक, एमझेड मोटरसायकल टू-स्ट्रोक, आणि सिमसनच्या मोपेड शाळेतली पोरं अजून चालवतात. पंपावर एक आजोबा माझ्या सायलेन्सरमागे उभे राहून डोळे मिटून वास घेत होते. "त्स्वायटाक्ट," म्हणाले, म्हणजे टू-स्ट्रोक. मग माझ्या मापाच्या बाटलीकडे बोट दाखवून बोटांनी हिशोब विचारला. मी २५ दाखवले. त्यांनी मान हलवून ५० दाखवले. त्यांच्या दृष्टीने मी तेल उधळतोय. संगमेश्वरचं झाड त्यांना कसं समजावणार?

इथे पाच टक्के इथेनॉलचं पेट्रोल सहज मिळतं. गाडी वेगळीच वाजते, किंवा मला तसं वाटतं.

४ ऑगस्ट

टोर्गाउ. २५ एप्रिल १९४५ ला अमेरिकी आणि रशियन सैनिक इथे एल्बवर भेटले. आम्हाला भेटला पाऊस. भावजींची गाडी पुलावरच बंद. इग्निशनच्या पॉइंटवर ओल. रुमाल, फुंकर, सुरू. त्यांचा सोमवारचा उपास, माझ्या डब्यातलं मेतकूट आणि ब्रेड.

६ ऑगस्ट. मीटर ४०,६८८

ड्रेस्डेननंतर नदी दगडी कड्यांमध्ये शिरते. ह्रेन्स्कोला फलक बदलला, एल्बची लाबे झाली. सीमेवर कोणी थांबवलंच नाही. भावजींना वाईट वाटलं, शिक्का हवा होता.

जेवणाचा प्रश्न सुटला: स्माझेनी सीर, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज. श्रावणात चालतं. सलग तीन वेळा चाललं.

८ ऑगस्ट. मीटर ४०,८४६

पोचलो. गावाबाहेरचा माळ, तंबू, आणि जिकडे बघावं तिकडे जावा. १९४६ नंतरच्या पेराक मॉडेलपासून आमच्यासारख्यांपर्यंत. फाटकावरच्या बाईंनी नंबरप्लेट बघितली, मग आमच्याकडे, मग आत हाका मारल्या. दहा मिनिटांत वीसेक माणसं गाडीभोवती बसलेली. मैसूरचा इंजिन नंबर, मैसूरचे शिक्के, आरे, सीटची शिवण, सगळं हात लावून बघितलं. एकाने त्याच्या सिलिंडरचं गॅस्केट माझ्या सिलिंडरवर ठेवून बघितलं. तंतोतंत.

भावजी मान ताठ करून उभे. मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकने त्यांचा हेडलाइट उघडायची परवानगी मागितली. आमचं सर्किट दिसलं. भावजींचा चेहरा पडला, चोरी पकडल्यासारखा. म्हातारा हसला, त्यांना हात धरून आपल्या १९५० च्या दशकातल्या गाडीकडे घेऊन गेला आणि डायनमोचं झाकण काढलं. आत बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक संच, नवाकोरा, चेक कंपनीचाच. शेजारच्या गाडीतही तोच. त्यापुढच्याही.

रात्री तंबूत भावजी किंमत रुपयांत काढत होते.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

राखी बांधून घेतली, एकमेकांकडून. नारळ मिळाला नाही.

सर्वांत लांबून आलेल्या स्वाराचा चषक असतो. नकाशावर भारत कुठे आणि आम्ही कुठे. भावजींनी इस्त्रीचा शर्ट काढला. मग आयोजकांनी अगदी नम्रपणे विचारलं: चाकांवर किती? मी खरं सांगितलं. हॅम्बुर्गपासून ८५४. गोव्यापासून बंदरापर्यंतचे ५३१ धरत असाल तर धरा. ते म्हणाले, जहाजाचे किलोमीटर धरत नाहीत, आणि एकसलग नसेल तर घरचेही नाहीत. टाळ्या आमच्यासाठी खूप झाल्या, पण चषक गेला एका पोर्तुगीज माणसाला. लिस्बनजवळून, सगळं रस्त्याने.

भावजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते समुद्राने आले आणि ४५१ वर्षं बसले. आपण समुद्राने आलो तर पार्सल."

पोर्तुगीजाला मी हे इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की त्याने चषकातली बीअर आम्हाला पाजली. भावजींनी घोटभर घेतली. श्रावण असूनही.

१४ ऑगस्ट, हॅम्बुर्ग. मीटर ४१,५०९

थेट रस्त्याने परत. गाड्या त्याच पेटाऱ्यांत. भावजींच्या पेटाऱ्यात खोक्यासह बारा व्होल्टचा संच.

२४ ऑगस्ट, डिचोली

चवथ तीन दिवसांवर. शेडात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान ठेवलंय, गाडीच्या जागी. जहाज पुन्हा केपवरूनच येणार, म्हणजे ऑक्टोबर. कार्नेटची मुदत फेब्रुवारीपर्यंत, अडचण नाही.

करायचं: न्हावा-शेवाहून गाड्या चालवतच आणणे. ऑइल लिटरमागे ५०, कोणी काही म्हणो. भावजींचा डायनमो उघडण्याआधी सील बघणे, आता ते उघडू देतायत. सुताराला एक बाटली फेणी.